निवेदन कोणाच्या नावे?

(बी. ए. भाग दोन, धामणगाव बढे)

खेड्यात शिकलेल्या पोराची आठवण दोन कामांसाठी होते. तहसीलीतून आलेला कागद वाचून दाखवायचा असेल तेव्हा, आणि सरकारला अर्ज लिहायचा असेल तेव्हा. "तू कॉलेजात जातो नं, मंग लिव!" एवढे म्हणून आमच्या धामणगाव बढ्याची वडीलधारी मंडळी मोकळी होतात. अर्ज बहुधा रस्त्याचा असतो, नाहीतर एस. टी. च्या गाडीचा. मजकूरही ठरलेला. रस्त्यात खड्डे पडले आहेत, पावसाळ्यात आजारी माणूस दवाखान्यात नेता येत नाही, विद्यार्थ्यांचे हाल होतात, सबब मायबाप सरकारने त्वरित लक्ष घालावे. खाली सह्या आणि अंगठे. प्रत रवाना म्हणून जिल्हाधिकाऱ्यांपासून थेट पंतप्रधानांपर्यंत सर्वांची नावे. असा अर्ज सर्वांना जातो, म्हणून कोणालाच जात नाही. प्रत्येक कार्यालय तो 'उचित कार्यवाहीसाठी' पुढच्या कार्यालयाकडे पाठवते आणि आपल्या हाती फक्त आवक क्रमांक उरतो.

सरकार पैसे देत नाही ही आपली तक्रार पुष्कळ अंशी खरी आहे. पण सरकार म्हणजे एक पेटी आणि एक किल्ली असे नाही. पेट्या अनेक आहेत, प्रत्येकीवर वेगळे नाव आहे आणि एकीतला पैसा दुसरीच्या कामाला चालत नाही. राज्यशास्त्राच्या तासाला आपण केंद्रसूची, राज्यसूची पाठ करतो. त्या सूचींचा आपल्या गावच्या चिखलाशी काय संबंध आहे, हे या लेखात मांडण्याचा प्रयत्न आहे.

पहिला प्रश्न रस्ता कोणाचा हा. डिसेंबर १९४३ मध्ये देशातील मुख्य अभियंत्यांची परिषद आपल्या विदर्भात, नागपूरला भरली होती. महायुद्ध चालू होते, लष्करी वाहनांनी रस्ते फुटले होते आणि युद्धानंतर काय करायचे याचा विचार होत होता. त्या परिषदेत वीस वर्षांचा जो आराखडा झाला तो 'नागपूर योजना' म्हणून प्रसिद्ध आहे. रस्त्यांची जी उतरंड आजही कागदोपत्री चालते ती तिथली. सर्वांत वर राष्ट्रीय महामार्ग, मग राज्य मार्ग (त्या वेळी प्रांतिक), मग प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि शेवटी ग्रामीण मार्ग. सरकारी कागदात यांची लघुरूपे असतात. 'रामा', 'प्रजिमा', 'इजिमा', 'ग्रामा'. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ती कोणा चार भावंडांची नावे वाटली. ती एका परीने भावंडेच आहेत, आणि वाटणीही भावंडांसारखीच झालेली आहे. राष्ट्रीय महामार्गाचा खर्च केंद्राकडे. राज्य मार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. १९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या, तेव्हापासून खेड्यापर्यंतचा शेवटचा तुकडा त्यांच्या पदरात आहे. म्हणजे ज्याचे स्वतःचे उत्पन्न सर्वांत कमी, त्याच्याकडे सर्वांत जास्त तुकडे.

नागपूर योजनेचे एक उद्दिष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. शेतीच्या दृष्टीने विकसित भागातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर असू नये, असे त्यात म्हटले होते. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर. कपाशीच्या गाठोड्यासह आठ किलोमीटर म्हणजे काय ते आपल्या आजोबांना विचारावे. पण त्या काळाच्या मानाने उद्दिष्ट लहान नव्हते.

आपल्या भागापुरते पाहू. मलकापूर, नांदुरा, खामगाव यांवरून जाणारा जुना सहा नंबरचा महामार्ग आता राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे. मलकापूरहून मोताळा, राजूर घाट चढून बुलढाणा, पुढे चिखली, देऊळगाव राजा, जालना हा रस्ताही राष्ट्रीय महामार्ग झाला आहे, क्रमांक ७५३ अ. या दोहोंवर खड्डा असला तर जिल्हा परिषदेच्या सदस्याला धारेवर धरून उपयोग नाही, त्याच्या हातात एक पैसाही नाही. उलट गावातून शिवाराकडे किंवा शेजारच्या खेड्याकडे जाणाऱ्या रस्त्यासाठी खासदारांच्या दिल्लीच्या पत्त्यावर पत्र लिहिणे म्हणजे पोस्टाचा धंदा वाढवणे होय. तेव्हा निवेदनाच्या पहिल्या ओळीत रस्त्याचे नाव नव्हे, रस्त्याचा क्रमांक हवा. तो पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात मिळतो. कोणी सांगत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने विचारता येतो.

पुष्कळदा असे आढळते की रस्त्याला क्रमांकच नाही. लोक पिढ्यान्‌पिढ्या त्यावरून जातात, बैलगाड्यांनी चाकोऱ्या पाडल्या आहेत, पण सरकारच्या रस्ते विकास आराखड्यात तो नाही. अशा रस्त्याला 'योजनाबाह्य' म्हणतात. योजनाबाह्य रस्त्यावर शासन डांबर टाकत नाही, कारण कागदावर तो रस्ताच नसतो. त्याची पहिली मागणी निधीची असून चालत नाही. आधी तो आराखड्यात घेऊन ग्रामीण मार्गाचा दर्जा मागावा लागतो. तसेच रहदारी वाढलेला ग्रामीण मार्ग 'इजिमा' आणि 'इजिमा'चा 'प्रजिमा' करता येतो. याला 'दर्जोन्नती' म्हणतात. हा शब्द ऐकायला रुक्ष आहे, पण एका दर्जोन्नतीने रस्ता जिल्हा परिषदेच्या रिकाम्या झोळीतून उचलून राज्याच्या अंदाजपत्रकात जातो. दहा मोर्चांनी होत नाही ते कधीकधी या एका आदेशाने होते. शेतात जाणारी पांदण ही आणखी वेगळी गोष्ट. तिच्यासाठी नोव्हेंबर २०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आहे व तिचा आधार रोजगार हमीचा आहे.

आता पैसा कोठून येतो ते पाहू. इथे एका मराठी माणसाचे नाव घेतले पाहिजे. बॅ. मुकुंदराव जयकर आपल्याला पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून ठाऊक असतात. पण १९२७ साली सरकारने रस्तेविकास समिती नेमली तिचे अध्यक्ष तेच होते. समितीने १९२८ मध्ये सांगितले की, रस्त्यांची वाढ ही प्रांतांच्या आणि स्थानिक संस्थांच्या ऐपतीबाहेर गेली आहे आणि ती सर्व देशाच्या हिताची असल्याने मध्यवर्ती सरकारने भार उचलला पाहिजे. त्यासाठी पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसवावा आणि तो पैसा वेगळा ठेवून रस्त्यांवरच खर्च करावा. १९२९ मध्ये असा रस्तेनिधी सुरू झाला. अमेरिकेने १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचा नव्वद टक्के खर्च इंधनकराच्या निधीतून केंद्राने करावा असे ठरवले, त्याचे सर्वत्र कौतुक होते. त्याआधी सत्तावीस वर्षे आपल्याकडे त्याच जातीचा निधी होता, हे आपल्याला कोणी सांगत नाही. पुढे २००० साली केंद्रीय रस्तेनिधीचा कायदा झाला. २०१८ मध्ये त्याचे नाव 'केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी' असे झाले. पेट्रोल आणि डिझेलवरील उपकर हे त्याचे मूळ. म्हणून रस्ता मागताना मान खाली घालण्याचे कारण नाही. ज्याच्या शिवारात भाड्याच्या ट्रॅक्टरने नांगरट होते, त्याने त्या डिझेलमधून या निधीत भर घातलेलीच आहे.

राज्यात आणि जिल्ह्यात पैसा 'लेखाशीर्षा'ने ओळखला जातो. कार्यालयात त्याला सरळ 'हेड' म्हणतात. ३०५४ म्हणजे रस्ते व पूल यांची देखभाल-दुरुस्ती. ५०५४ म्हणजे त्यांवरील भांडवली खर्च, अर्थात नवे काम किंवा मोठी सुधारणा. खड्डे बुजवायला ५०५४ मागितले किंवा नवा पूल ३०५४ मधून मागितला तर प्रस्ताव परत येतो. गावांतर्गत रस्त्यांसाठी ग्रामविकास विभागाचे २५१५ हे शीर्ष आमदार मंडळींच्या तोंडी फार असते. शिवाय आमदारांचा स्थानिक विकास निधी आहे, तो २०२२ मध्ये चार कोटींवरून वर्षाला पाच कोटी झाला. खासदारांचा २०११-१२ पासून पाच कोटी आहे. हे आकडे सभेत मोठे वाटतात. पण एका मतदारसंघात गावे किती, त्यांत समाजमंदिरे, शाळाखोल्या, विंधनविहिरी यांच्या मागण्या किती, याचा विचार केला म्हणजे त्यातून आपल्या वाट्याला गल्लीतला सिमेंटचा एखादा पट्टा येतो हे उघड होते. हा निधी म्हणजे ताटातली चटणी, ते जेवण नव्हे.

जेवण असते ते जिल्हा वार्षिक योजनेत. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) जिल्हा नियोजन समिती आली आणि महाराष्ट्राने १९९८ मध्ये तिचा कायदा केला. पालकमंत्री तिचे अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य-सचिव. जिल्हा परिषदेच्या रस्त्यांना ३०५४ व ५०५४ खाली किती पैसा मिळायचा ते इथे ठरते. समितीची बैठक वर्तमानपत्रात भांडणामुळेच छापून येते, म्हणून आपल्याला ती राजकारणाची जागा वाटते. ती राजकारणाची आहेच. पण कोणते काम यादीत जाते आणि कोणते राहते हे तिथेच घडते, आणि त्या यादीत जाण्याआधी ग्रामसभेचा ठराव लागतो. आमच्याकडे ग्रामसभेला हजेरी किती असते, याबद्दल न बोललेले बरे.

खेड्यांच्या जोडरस्त्यांसाठी सर्वांत मोठा फरक पडला तो २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने. सुरुवातीला तिचा सर्व भार केंद्राने उचलला, २०१५-१६ पासून केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० असा झाला. मैदानी भागात ५०० वर लोकवस्ती, डोंगरी व आदिवासी भागात २५० वर, अशी तिची अट होती. यातली बारीक गोष्ट अशी की, योजनेचा हिशेब महसुली गावावर नसून वस्तीवर आहे. त्यामुळे मोठ्या गावाला रस्ता असला म्हणून त्याच्या तांड्याचा किंवा वाडीचा हक्क जात नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने या योजनेच्या चौथ्या टप्प्यास मान्यता दिली. २०११ च्या जनगणनेनुसार पात्र ठरणाऱ्या २५,००० न जोडलेल्या वस्त्या आणि ६२,५०० किलोमीटर रस्ते, असा त्याचा व्याप आहे. या योजनेच्या रस्त्याच्या तोंडाशी फलक असतो. बहुतेकांच्या दृष्टीने तो शेळी बांधण्याचा खांब आहे. वास्तविक त्यावर लांबी, खर्च आणि कंत्राटदार लिहिलेला असतो व पाच वर्षे देखभाल त्याच कंत्राटदाराने करायची असते. मुदतीच्या आत रस्ता उखडला तर नवा निधी मागण्याची गरजच नाही, फलक वाचून तक्रार करायची. ज्यांनी महाराष्ट्राच्या २०१५ च्या मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेचा फलक पाहिला असेल त्यांना हा प्रकार ठाऊक असेल.

रस्त्यांचे एवढे पुरे. आता रेल्वेकडे वळतो, कारण निधी मागण्याचा आणि न मिळण्याचा खरा धडा आपल्या जिल्ह्याने तिथे गिरवला आहे.

आपल्या जिल्ह्यात घाटावरचे आणि घाटाखालचे असे दोन भाग आहेत. घाटाखालून, मलकापूर-नांदुऱ्यावरून, ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची रेल्वे गेली आणि १८६७ मध्ये नागपूरला पोचली. ही कंपनी खाजगी होती, पण धोका खाजगी नव्हता. १८४९ च्या करारानुसार भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी सरकारने दिली होती. तेवढे उत्पन्न झाले नाही तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून द्यायची. जमीनही सरकारने दिलेली. म्हणजे गाडीत न बसलेल्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून लंडनच्या भागधारकाचे व्याज जात होते. 'सरकारी मदत' या गोष्टीला तेव्हा कोणी भीक म्हटले नाही.

खामगावची कथा याहून बोलकी आहे. जलंब ते खामगाव हा जेमतेम तेरा किलोमीटरचा फाटा. १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्‌घाटनाला खामगावात आले होते. तो कंपनीचा नव्हता, सरकारी पैशाचा होता. चालवायला फक्त कंपनीकडे दिलेला. एवढ्याशा तुकड्यासाठी व्हाइसरॉय का यावा? कारण खामगाव वऱ्हाडातली कापसाची थोर पेठ होती, अमेरिकेतल्या यादवी युद्धाने (१८६१ ते १८६५) लँकेशायरच्या गिरण्यांची उपासमार झाली होती आणि वऱ्हाडचा कापूस लवकर बंदरावर पोचणे ही विलायतेची निकड होती. निवेदन कोणी लिहिले हे महत्त्वाचे नसते, निकड कोणाची आहे हे महत्त्वाचे असते, असा माझा तरी या इतिहासावरून समज झाला आहे.

खामगावहून तोच फाटा पुढे घाट चढून चिखली, देऊळगाव राजा करीत जालन्याला न्यावा, ही मागणी इंग्रजांच्या काळापासूनची आहे. जालन्याला १९०० मध्ये निजामाच्या मुलखातली मनमाड-सिकंदराबाद रेल्वे आली. दोन टोके तयार, मधला सुमारे दीडशे-एकशेसाठ किलोमीटरचा भाग रिकामा. चिखलीचा माणूस अजून खामगाव, मलकापूर किंवा जालन्याला जाऊनच रेल्वेत बसतो. सर्वेक्षणे झाली, पुन्हा झाली, समित्या झाल्या, उपोषणे झाली.

हा मार्ग अडला कुठे? रेल्वे नवा मार्ग घेताना त्यातून भांडवलावर किती परतावा येईल ते काढते. पूर्वी १४ टक्के हा त्याचा मापदंड होता. ज्या भागात रेल्वे नाही त्या भागात कारखाने नाहीत. कारखाने नाहीत म्हणून मालवाहतूक नाही. मालवाहतूक नाही म्हणून परतावा कमी, आणि परतावा कमी म्हणून रेल्वे नाही. हे चक्र तोडायचा एक उपाय म्हणून राज्याने निम्मा खर्च उचलायचा ही पद्धत आली. तिची फळे आणि काटे दोन्ही अहिल्यानगर-बीड-परळी मार्गावर दिसतात. २६१ किलोमीटरचा हा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला तेव्हा खर्च ३५३ कोटींचा धरला होता. दरवर्षी अंदाजपत्रकात नाव यायचे आणि नावापुरती रक्कम. मंजुरी आणि तरतूद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बीडकरांइतके कोणाला कळले नसेल. पुढे राज्याने निम्मा वाटा घेतला, पण तोवर जमिनीचे आणि लोखंड-सिमेंटचे भाव चढत गेले व खर्च ४,८०५ कोटींवर पोचला. आष्टीपर्यंत गाडी सप्टेंबर २०२२ मध्ये गेली आणि बीड शहराने पहिली गाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी पाहिली. मंजुरीच्या दिवशी जन्मलेले मूल तोवर तीस वर्षांचे झाले होते.

कोकण रेल्वेची तऱ्हा निराळी. तिथे १९९० मध्ये स्वतंत्र महामंडळ काढले, भागभांडवलात रेल्वेचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा व केरळ यांचे प्रत्येकी ६ असे ठरले आणि बाकीचा मोठा पैसा रोखे विकून उभा केला. २६ जानेवारी १९९८ रोजी सबंध मार्ग सुरू झाला. एवढा अवघड डोंगराळ मार्ग आठ वर्षांत झाला याचे श्रेय अभियंत्यांना आहेच. पण १९९० च्या सुमारास जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधु दंडवते अर्थमंत्री होते, हेही विसरता येत नाही. दोघांनाही कोकण रेल्वेचा ध्यास होता.

आपल्या बाबतीत राज्याने खामगाव-जालना मार्गाचा निम्मा भार उचलण्याची तयारी २०२४ मध्ये दाखवली. त्याच वर्षी ९ ऑगस्ट रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशात आठ नवे रेल्वेमार्ग मंजूर केले. त्यांत जालन्याचे नाव होते, पण ते जालना-जळगाव मार्गाचे. सिल्लोड, अजिंठा करीत जाणारा १७४ किलोमीटरचा हा मार्ग, खर्च ७,१०५ कोटी. राज्याने आपल्या वाट्याचे ३,५५२ कोटी त्याआधी एक वर्ष, ऑगस्ट २०२३ मध्येच मान्य केलेले होते. अजिंठा लेण्यांमुळे पर्यटनाचा मुद्दा त्याच्या बाजूने होता. आपल्या मार्गाच्या बाजूने काय आहे? सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान, लोणारचे सरोवर आणि शेगावची वारी. ही यादी आपण भाषणात म्हणतो. रेल्वेच्या हिशेबात ती तिकिटांच्या संख्येत आणि मालाच्या टनांत मांडावी लागते, आणि ते काम भाषणापेक्षा कंटाळवाणे आहे. जळगावकडील मंडळींचा हेवा करण्यात अर्थ नाही. त्यांचा मार्ग आमच्या धामणगावलाही लांब पडणार नाही. पाचोरा-जामनेर ही छोटी गाडी आता बंद आहे. ती रुंद करून बोदवडपर्यंत नेण्याचे ठरले आहे, आणि बोदवड तर आमच्या मोताळा तालुक्याच्या वेशीवरच.

निम्म्या वाट्याच्या पद्धतीबद्दल माझे मत मात्र स्पष्ट आहे. जो प्रदेश मागे राहिला त्यालाच आधी निम्मे पैसे टाकायला सांगणे हा न्याय उलटा आहे. वि. म. दांडेकर समितीने (नेमणूक १९८३, अहवाल १९८४) जिल्हावार अनुशेष काढला तेव्हा रस्ते हे त्यातले एक क्षेत्र होते. एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटींचा, त्यात विदर्भाचा वाटा १,२४६.५५ कोटी, म्हणजे ३९ टक्क्यांवर. राज्याच्या सरासरीच्या खाली जो जिल्हा जेवढा, तेवढा त्याचा अनुशेष, अशी ती मोजणी होती. मोजणी प्रामाणिक होती. पण आपण सरासरी गाठेपर्यंत पुढचे जिल्हे आणखी पुढे गेले आणि सरासरीच वर सरकली. १९९४ मध्ये घटनेच्या ३७१ (२) कलमाखाली वैधानिक विकास मंडळे आली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. दरम्यान मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग आपल्याच जिल्ह्यातून, मेहकर-सिंदखेडराजाकडून गेला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटर पूर्ण झाला. पैसा नव्हता असे म्हणता येत नाही. त्यावर एस. टी. ची मुक्कामी गाडी थांबत नाही, एवढेच.

मुक्कामी गाडी म्हणजे रात्री खेड्यात येऊन थांबणारी आणि पहाटे पहिली फेरी करणारी बस. मोताळा, मलकापूर, बुलढाण्याला कॉलेजात जाणाऱ्या कोणालाही विचारा, त्याची पदवी या एका गाडीवर टांगलेली असते. माझ्याबरोबर दहावी झालेल्या मुलींपैकी कितीतरी पुढे शिकल्या नाहीत. घरचे नको म्हणाले, हे खरे. पण का नको म्हणाले ते विचारले तर उत्तर एकच मिळते, "संध्याकाळची गाडी नाही." बापाचा विरोध शिक्षणाला नव्हता, अंधारात फाट्यावर उभे राहण्याला होता.

इथे सरकार पैसे देतच नाही असे नाही. विद्यार्थी पासावर ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे तिकिटाचा एक तृतीयांश भाग आपण भरतो. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढे प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट. या सवलतींची भरपाई शासन महामंडळाला देते. त्याला प्रतिपूर्ती म्हणतात. आता गोम पाहा. प्रतिपूर्ती ही झालेल्या प्रवासाची असते. ज्या गावाला गाडीच जात नाही त्या गावच्या मुलीची सवलत कागदावर शंभर नंबरी आणि प्रत्यक्षात शून्य. जुनी दुसरी गोष्ट अशी की १९५८ च्या कायद्याखाली एस. टी. च्या तिकिटावर प्रवासी कर आहे. साडेसतरा टक्क्यांचा हा कर म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने घेणे, अशी महामंडळाची वर्षानुवर्षांची तक्रार राहिली आहे. मला ती रास्त वाटते.

फेरी चालू ठेवायची की बंद करायची हे आगार 'भारमाना'वर ठरवते. गाडीतल्या जागांपैकी किती भरल्या आणि किलोमीटरमागे किती पैसे आले, हा त्याचा हिशेब. भारमान कमी दिसले की फेरी बंद. वडाप जीप आधी पंधरा मिनिटे येऊन उतारू उचलते, मग बस रिकामी दिसते. तेव्हा फेरी टिकवायची असेल तर वेळ बदलून मागणे हे नवी गाडी मागण्याहून सोपे आणि बिनखर्चाचे असते. मानव विकास कार्यक्रमाखालील तालुक्यांत मुलींसाठी वेगळ्या बसगाड्या दिल्या गेल्या. २०११-१२ मध्ये हा कार्यक्रम २२ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांपर्यंत वाढला. त्या गाड्या भारमानासाठी नव्हे, शाळेच्या वेळेसाठी धावाव्यात हा त्यांचा हेतू. महाविद्यालयीन मुलींसाठी अशीच गाडी मागायला काय हरकत आहे? हरकत एकच, की मागणी आकड्यांनिशी करावी लागेल.

आमच्या गावच्या पुढच्या निवेदनाचा मसुदा मी केला आहे, तो असा आहे. ते एकाच व्यक्तीच्या नावे आहे, विभाग नियंत्रकांच्या. प्रत फक्त आगारप्रमुख आणि जिल्हा नियोजन समितीच्या सदस्य-सचिवांना. 'हाल होतात' हे वाक्य त्यात नाही. सोबत ग्रामसभेचा ठराव आहे. गावोगावच्या पासधारक मुला-मुलींची यादी आहे, कोणत्या थांब्यावर किती चढणार आणि कोणत्या वर्गाचा तास किती वाजता सुटतो यांसह. रस्त्याचा दर्जा व क्रमांक वेगळ्या ओळीत, म्हणजे 'रस्ता खराब म्हणून गाडी नाही' असे उत्तर आले तर तेच उत्तर जोडून बांधकाम उपविभागाकडे दुसरा अर्ज करता येईल. यादीसाठी फाट्यावर उभे राहून सलग आठवडाभर उतारू मोजायचे आहेत. त्याला चार मुले लागतील. मोजणी श्रावणात किंवा पौषात करावी. कापूस वेचणीच्या दिवसांत अर्धी पोरे शेतात असतात आणि संख्या कमी भरते.